घमेल्यातली कानस

परवा भिगवण रस्त्यावरच्या एका हॉटेलाबाहेर फळा पाहिला. 'चढणीचा ताजा मासा मिळेल. गाबोळीसह.' गाबोळीसह या शब्दाखाली खडूनं दोन रेघा ओढल्या होत्या. आमचे हे गाडी बाजूला घ्यायला लागले, तेव्हा मी म्हटलं, इथं थांबलात तर मी उतरून एसटीनं घरी जाईन. त्यांना काही समजलं नाही आणि समजावून सांगण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. पावसाळ्याच्या तोंडावर नदीला गढूळ पाणी आलं, की वर्षभर डोहात बसलेला मासा प्रवाहाच्या उलटा वर चढतो. तो हवापालटाला निघालेला नसतो, विणीला निघालेला असतो. आणि आपण नेमके त्याच वेळी, त्याच्याच वाटेवर काठ्या घेऊन उभे राहतो आणि वर फळ्यावर लिहितो, गाबोळीसह.

आमच्या गावचे किसनतात्या असते तर त्यांनी तो फळा जागच्या जागी मोडला असता आणि हॉटेलवाल्याला विचारलं असतं, "मेंदूत मळी शिरली का रं तुझ्या?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. साखर कारखान्याच्या मळीचं काळं, आंबूस पाणी आमच्या नदीत उतरतं आणि त्या वासानं सगळा गाव उन्हाळाभर नाकाला पदर-उपरणं लावून बसतो. तात्यांच्या मते ते पाणी नदीत येण्याच्या कितीतरी आधी माणसांच्या डोक्यात गेलं होतं. तलाठी, सरपंच, स्वतःचा मुलगा, माझे वडील, कुणालाच हा प्रश्न चुकला नाही. मलाही नाही.

आमचं गाव नीरेच्या काठचं, इंदापूर तालुक्यातलं. पलीकडच्या काठावर सोलापूर जिल्हा लागतो. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की फोन येतात, "ताई, गावाची बदनामी कशाला?" बदनामीची एवढी चाड असती तर लिहायची वेळच आली नसती.

तात्यांचा आणि आमचा बांध एक. त्या बांधावरून तात्या आणि माझे वडील जन्मभर भांडले आणि जन्मभर एकमेकांच्या पाण्याच्या मोटारी चालू-बंद करत राहिले. तात्या उंच, काटकुळे. पायजम्याचा एक पाय कायम गुडघ्याशी दुमडलेला, मोबाईल दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला. खुर्चीत बसून त्यांना बोलताच येत नसे. बोलायचं झालं की उभे राहत, आणि आवाज असा की या काठावर बोलले तर दुसऱ्या जिल्ह्यात ऐकू जाई. गरीब बिचारे वगैरे ते अजिबात नव्हते. उसाचे मोठे बागायतदार, कारखान्याचे सभासद, गावच्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष. चारचौघांत त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

साधुपुरुषही नव्हते. माशांवर त्यांचा जीव होता, तो आधी जिभेमुळे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, माळकरी. घरात माशाचं नावसुद्धा काढायचं नाही. म्हणून मोटारीच्या खोलीमागं तीन दगडांची चूल मांडलेली असे आणि तात्यांचं वेगळं पातेलं, वेगळी ताटली तिथंच बाभळीला अडकवलेली असे. कांदा-खोबरं भाजून, काळं तिखट घालून ते स्वतः कालवण करत. मासा एकच, कानस. काळ्या पाठीची, जाड, झालरीसारख्या ओठांची. रोहूला ते 'पोल्ट्रीतला मासा' म्हणायचे आणि चिलापीला तर मासाच मानायचे नाहीत. कालवण झालं की बांधापलीकडून माझ्या वडिलांना हाक जाई. ताटली रिकामी होईपर्यंत भांडण बंद असे, हात धुतले की पुन्हा सुरू.

पण मृग लागला की ते पातेलं बाभळीवर पालथं होई, ते पोळ्याशिवाय खाली येत नसे. त्या दिवसांत गावात कुणाच्या घरून माशाचा वास आला तर तात्या वाटेवर उभे राहून विचारत, "बाळंतपनाला आल्याली पोर हाय ती. तिलाच कापून खाताय व्हय?"

या नियमापायी त्यांनी स्वतःच्या लेकीचा संसारही अवघड केला. लेक अंथुर्ण्याला दिलेली. एकदा आषाढात तात्या तिकडं गेले तर व्याह्यांनी मोठ्या हौसेनं निमगाव केतकीच्या बाजारातून मासा आणला. ताट आलं. रश्श्यात पिवळी गाबोळी. तात्यांनी ताट हातानं बाजूला सारलं आणि भरल्या घरात म्हणाले, "पोटुशी मारून पाहुनचार करता व्हय तुमी?" तसेच उठले आणि एसटी पकडून गावाला आले. वर्षभर दोन्ही घरांचं येणंजाणं बंद होतं. लेकीला सासरी काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी एकदा म्हटलं, "तात्या, त्यांना तुमचा नियम माहीत नव्हता." तर माझ्यावरच खेकसले, "नियम माझा हाय का सुमे? नदीचा हाय."

कानस त्यांच्या रानात यायची, म्हणून हा सगळा जीव. आमच्या आणि त्यांच्या शेतामधून एक ओढा नदीला मिळतो. मिळायचा. चिंचेचा ओढा म्हणत. पावसाळ्यात नदी चढली की ओढा मागं फुगायचा आणि तात्यांच्या खालच्या तुकड्यात गुडघाभर पाणी पसरायचं. त्या तुकड्यात तात्या पोळ्यापर्यंत नांगर घालत नसत. लहानपणी मी बांधावर बसून पाहिलेलं आहे. मधे एक मोठी काळी मादी आणि तिच्याभोवती अंगानं बारीक नर, सगळे गवतात घुसळत असत आणि पाणी नुसतं खदखदत असे. नंतर गवताच्या बुडाशी भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे दिसत, आणि मग काही दिवसांनी केसासारखी बारीक पिल्लं. तात्या काठावर उकिडवे बसून आम्हा पोरांना गप्प राहायला सांगत. स्वतः हळू बोलण्याचा त्यांचा तो एकच प्रसंग मला आठवतो.

मग ऊस वाढला. जिकडं बघावं तिकडं ऊस, आणि पाणी पुरेना. नदीवर बंधारा हवा होता. तो कुणी आणला? किसनतात्यांनी. पुण्याला खेटे घातले, मुंबईला घातले, पुढाऱ्यांच्या दारात तासन्‌तास बसले. बंधारा झाला तेव्हा गावानं त्यांची ट्रॅक्टरमधून मिरवणूक काढली आणि उद्‌घाटनाच्या दगडावर त्यांचं नाव कोरलं. बंधारा ओढा मिळतो त्याच्या खालच्या अंगाला बांधला. त्याच्याही खाली डोह. म्हणजे कानस डोहात, वीण ओढ्यात आणि मधे भिंत.

भिंत म्हणजे कायमची भिंत नव्हे, हे इथं सांगायला हवं. अशा बंधाऱ्याला खांब असतात आणि खांबांच्या मधल्या खाचांत लोखंडी फळ्या बसवतात. त्यांना बर्गे म्हणतात. पावसाळ्याआधी बर्गे काढायचे, नदी मोकळी सोडायची. पाऊस सरला की पुन्हा टाकायचे. हे कागदावर. प्रत्यक्षात आमच्या गावात मेपासून एकच शब्द ऐकू येतो, 'बघू'. पाऊस नाहीच आला तर? आहे ते पाणी कशाला सोडा? पहिलं पाणी येऊ द्या, मग काढू. बघू. पहिलं पाणी येतं, बर्ग्यांवर त्याचा दाब बसतो आणि मग दहा माणसं लावली तरी बर्गा जागचा हलत नाही. हे दरवर्षी होतं. दरवर्षी तीच माणसं कपाळाला हात लावतात आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा म्हणतात, बघू.

पहिल्या काही वर्षांत हा शब्द खुद्द तात्याच म्हणत होते. संस्थेचे अध्यक्ष तेच ना. ओढ्यात कानस आली नाही तेव्हा म्हणाले, पाऊस कमी झाला. पुढल्या वर्षी म्हणाले, मळीचा त्रास. त्यानंतर त्यांनी भोयांना धरलं.

डोहाच्या काठी भोयांची दोन-चार घरं आहेत. त्यातली शेवंता म्हणजे तोंडाची तोफ. नवऱ्याच्या बरोबरीनं जाळं टाकायची आणि बाजारात बसून विकायची. एका आषाढात तात्या विळा घेऊन डोहावर गेले आणि तिचं वाळत घातलेलं जाळं उभं चिरलं. "सगळा मासा तुमी संपिवला," म्हणाले. मला हे कळलं तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. स्टार्टरमधून वायर ओढून पाण्यात करंट सोडणारे बागायतदार त्यांच्या पंगतीला बसत होते. त्यांच्या वायरी कापायला हे गेले नव्हते, गेले ते त्या बाईच्या पोटावर. पण शेवंता रडली नाही. चिरलेलं जाळं तिनं गोळा केलं, तात्यांच्या पायाशी टाकलं आणि साऱ्या डोहाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आमी जाळं टाकतो तात्या, ते संध्याकाळी उचलतो. तुमी भिंत टाकली. ती कोन उचलनार?"

तात्या परत आले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते छन्नी-हातोडी घेऊन बंधाऱ्यावर गेले आणि दगडावरचं स्वतःचं नाव फोडायला बसले. लोक जमले, कुणी हात धरला, कुणी म्हणालं उन्हानं डोकं फिरलं. नाव पुरतं निघेपर्यंत ते उठले नाहीत. त्या जागी आजही दगडात खळगा आहे आणि बाकीची नावं तशीच आहेत. जाळं मात्र त्यांनी नवं आणून दिलं. दिलं म्हणजे शेवंताच्या दारात फेकलं आणि निघून आले.

तिथून पुढं तात्यांची आणि गावाची कधी दिलजमाई झाली नाही. दर ग्रामसभेत ते उभे राहत: बर्गे काढा. एरवी मान देणारी माणसं हसू लागली. ज्यांना पाण्याचा खरोखरच धाक होता ती चिडू लागली. "मासे जगवू का ऊस?" असं कुणी विचारलं तर तात्या म्हणत, "दोनीबी जगत्यात. मेच्या शेवटाला बर्गा काढ, पावसाळा सरल्यावर टाक, सरकारनं तेच सांगितलंय. तुला उचलायचा कंटाळा हाय, म्हनून ती मरती." आणि कुणी 'बघू तात्या' म्हणालंच तर त्याची खैर नसे. बघू म्हणणाऱ्याचे डोळे काढून घेतले पाहिजेत, असं ते त्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगत. संस्थेतून त्यांना पुढल्याच निवडणुकीत घालवलं.

एका वर्षी गावानं मत्स्यबीज सोडायचा कार्यक्रम केला. बंधाऱ्यावर मांडव, बॅनर, टेबलावर पांढरं कापड, पाण्यात सोडायला प्लॅस्टिकच्या फुगलेल्या पिशव्यांत बोटभर पिल्लं. जलसृष्टीचं संवर्धन की काय असं बॅनरवर लिहिलेलं. महिना आषाढ. नदीला पाणी आलेलं आणि बर्गे अर्थातच जागच्या जागी. मांडवाखाली पाहुणे भाषण करत होते आणि त्यांच्या पायाखाली, भिंतीच्या त्या बाजूला, कानशी उड्या मारत होत्या. उडी घ्यायची, लोखंडाला थडकायचं, खाली पडायचं, पुन्हा उडी. तोंडं फुटलेली. खाली पोती आणि काठ्या घेतलेली माणसं. संवर्धन वर चाललं होतं. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं, बारामतीच्या शाळेतली मास्तरीण आणि माहेरवाशीण म्हणून मला बोलावलं होतं.

तात्या मागून आले ते थेट टेबलापाशी. हातात ओलं पोतं. पोत्यातून त्यांनी एक मोठी कानस काढली आणि पाहुण्यांच्या हारतुऱ्यांच्या मधोमध ठेवली. नाकाडाच्या जागी नुसता लाल चिखल होता. "बोटुकली सोडताय, सोडा," म्हणाले. माईक नव्हता, गरजही नव्हती. "ह्यांच्या आया तितं भिंतीला टकुरी फोडून घेत्यात, त्यांना कोन सोडनार?"

पाहुणे सराईत होते. रुमालानं बाही पुसत म्हणाले, "काका, तुमची सूचना चांगली आहे. आपण बघू."

बघू म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. टेबल उलटलं, पिशव्या फुटल्या, पांढरं कापड नदीत गेलं. तात्यांना चौघांनी उचलून बाहेर नेलं. पुढं आठवडाभर गावात एकच चर्चा: पाहुण्यांसमोर गावाची शोभा झाली. माशाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला विचारलं गेलं, तुम्ही माईकवरून त्यांना आवरलं का नाही? मी सांगितलं, मला आवरायचं नव्हतं.

बर्गे हलत नाहीत म्हटल्यावर तात्यांनी घमेलं घेतलं. बांधकामावरचं साधं लोखंडी घमेलं. पाणी चढलं की ते भिंतीच्या पायथ्याशी उतरत. हात आधी पाण्यात ओले करत, कोरड्या हातानं माशाला शिवत नसत. उडी चुकून खडकावर पडलेली कानस दोन्ही हातांनी उचलत, पाणी घातलेल्या घमेल्यात ठेवत, वर ओलं पोतं टाकत. मग बंधाऱ्याच्या पायऱ्या चढून, काठाकाठानं ओढ्याच्या तोंडाशी नेऊन सोडत. वाटेत तिला शिव्या देत. "हाल नको गं भवाने, आली तुझी आळी." काठ्यावाले हसत. कुणी मुद्दाम मेलेला मासा घमेल्यात टाकून गंमत करे. तात्यांनी दोघा-तिघांच्या थोबाडीतही दिली.

मग एका वर्षी शेवंता जाळं घेऊन आली आणि भिंतीखाली कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली. जाळं चिरल्यापासून दोघं बोलत नव्हती. ती म्हणाली, "शिंगटा माझा, चिलापी माझी. कानस तुमची." तात्यांनी मान हलवली. त्यानंतर दर पावसाळ्यात ही जोडी तिथं दिसे: ती जाळ्यात धरणार, हे घमेल्यात नेणार. गावानं या गोष्टीलाही हसून घेतलं. पण खालच्या तुकड्यात पुन्हा पाणी खदखदायला लागलं. मी स्वतः बांधावर बसून पाहिलं. तात्या शेजारी उकिडवे बसले होते आणि त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तात्या पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. बारामतीत ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिना-दीड महिना जवळच राहा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांना मी जळोचीला माझ्या घरी आणलं. तळमजल्यावरचं घर, दवाखाना जवळ. इतका तिरसट पाहुणा माझ्या घरी पूर्वी आला नाही, पुढं येणार नाही. नळाच्या पाण्याला नावं ठेवायचे, सोसायटीतल्या कारंज्याला शिव्या द्यायचे. रोज संध्याकाळी मुलाला, विलासला फोन लावायचे आणि एकच विचारायचे, "ओढ्याच्या तोंडाची झुडपं काढली का रं?" विलास म्हणायचा, "बघू तात्या." तात्या मोबाईल पिशवीत गुंडाळून ठेवायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. दुसऱ्या कुणाचे डोळे काढायला निघाले असते.

घाटमाथ्यावर पाऊस लागल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी जेवण नाकारलं. सकाळी मी त्यांना गाडीत घातलं आणि गावाकडं निघाले. बंधाऱ्याजवळ म्हणाले, थांबव. नदी गढूळ झाली होती, बर्गे जागेवर होते, खाली काठ्या होत्या. आणि पाण्यात शेवंता उभी होती. तात्यांचं घमेलं तिनं पाऊस लागायच्या आधीच त्यांच्या मोटारीच्या खोलीवरून आणून ठेवलं होतं. घमेल्यात एक कानस होती, चांगली हातभर लांब, पोट तटतटलेलं.

"तात्या, आधी माझं ऐका," शेवंता म्हणाली. "तितं वर—"

"मागनं बोल," तात्या म्हणाले. "हिला दम न्हाय."

तात्यांच्या दोन्ही हातांत चालायचा लोखंडी वॉकर, तेव्हा घमेलं मी घेतलं. तात्या पुढं, मी मागं. चिखलातून वॉकर टेकवत, ओढत, तो माणूस त्या काठानं चालत होता आणि मागं न बघता मला दटावत होता, हिंदकळू नको, पोतं सरकू देऊ नको. ओढ्याचं वळण आलं. तात्या थांबले.

ओढा नव्हता. सगळं सपाट. जेसीबीच्या दातांचे ओरखडे अजून कडेला दिसत होते. खालच्या तुकड्यात सरळ सऱ्या पडलेल्या आणि सरीत उसाचे कोंब वर आलेले. ओढ्याचं पाणी जमिनीखालून सिमेंटच्या नळातून घेतलं होतं आणि नळाचं तोंड नदीवर पुरुषभर उंचीवर लोंबत होतं. त्यातून पाण्याची बारीक धार खाली पडत होती.

मी तात्यांकडं पाहिलं. आता ओरडतील म्हणून वाट बघत राहिले. ते ओरडले नाहीत, आणि त्या क्षणी मला विलासचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही.

विलास पलीकडच्या उसातून आलाच. वडिलांना बघून चपापला, मग हसला. "कवा आला? फोन तरी करायचा. तुकडा नुसताच पडून व्हता तात्या. म्हटलं, तुमी यायच्या आत करून टाकू, उगं तरास नको."

मी म्हटलं, "तात्या, वर नदीतच सोडू या हिला." त्यांनी घमेल्यावरचं पोतं उचललं. पाणी दिसत नव्हतं. दाणेच दाणे. कानशीनं सगळी अंडी घमेल्यात टाकली होती आणि ती स्वतः कुशीवर पडून तोंड उघडत-मिटत होती.

"आता काय सोडनार?" तात्या म्हणाले. "हौदावर घे."

गोठ्याशेजारी जनावरांना पाणी पाजायचा मोठा हौद आहे. तात्यांनी माझ्या हातून घमेलं त्यात रिकामं करवलं आणि हौदाच्या कडेला बसले, वॉकर आडवा धरून. जनावरं पाण्यावर आली तर त्यांना हाकललं. "हितं कुनी प्यायचं न्हाय." गाई दाव्याला ओढ देऊन हंबरत होत्या. काकू बोअरच्या नळावरून बादल्या भरून गाईंना पाजत राहिल्या. दाणे फुगले, काचेसारखे स्वच्छ झाले, हौदाच्या तळाला पसरले. नर नव्हता, तेव्हा त्यातून काही व्हायचं नव्हतं. हे तात्यांना माहीत होतं, तरी ते बसून राहिले. दुपारपर्यंत कानस उताणी झाली.

विलास दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा वातावरण हलकं करावं म्हणून असेल, म्हणाला, "मेलीच हाय आता, तर मोटारीपाशी कालवन करू का तात्या? लई दिस झालं तुमी खाल्लं न्हाय."

वॉकर त्याच्या कानाजवळून गेला आणि गोठ्याच्या पत्र्यावर आदळला. पण बोलल्या त्या काकू. बादली खाली ठेवून म्हणाल्या, "हात लावू नको त्या माशाला. तुझा हात लागायचा न्हाय तिला." मग त्या स्वतः हौदापाशी आल्या आणि गळ्यातली माळ पाठीवर टाकून त्यांनी दोन्ही हातांनी ती कानस उचलली. माळ घातल्यापासून त्यांनी माशाला बोट लावलं नव्हतं. "कुठं नेऊ हिला?" त्यांनी तात्यांना विचारलं. तात्या हौदातल्या दाण्यांकडं बघत राहिले. काकू तशाच नदीकडं निघाल्या.

पोळ्याच्या आत तात्या गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते या हौदाच्या दिवशीच. दिवस कलताना हौदातले दाणे मरून पांढरे पडायला लागले. सगळे पांढरे झाल्यावर तात्या हौदाला धरून उभे राहिले, बाही वर सारून त्यांनी पाण्यात हात घातला आणि तळाचं बूच ओढलं. हौदाचं पाणी पाटानं खालच्या तुकड्यात जातं. पांढरे दाणे पाटातून वाहत गेले, सरीत वळले आणि उसाच्या कोंबांभोवती चिखलात अडकू लागले.

"तात्या, आज पानी नको हाय तितं," विलास लांबूनच म्हणाला. "उगं वाया चाललंय."

"वाया न्हाय," तात्या म्हणाले. "खत हाय तुझ्या उसाला."

आणि हौद कोरडा होईपर्यंत ते बूच हातात धरून उभे राहिले.